पडद्यावरचे बटण यंत्राने ओळखायचे कसे?

सावनेर, खास प्रतिनिधी – कापूस आणि संत्र्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सावनेर तालुक्यातील शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध आता मोठ्या प्रमाणात मोबाइलच्या पडद्यावरून येतो. पूर्वी तलाठ्याच्या हातून होणारी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी, यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) ‘कपास किसान’ या ॲपवरील नोंदणी आवश्यक केली. अशा प्रत्येक व्यवहाराचा शेवट एका बटणावर होतो. ते बटण दाबले गेले नाही, किंवा दाबूनही माहिती पुढे गेली नाही, तर मुदत काही थांबत नाही.

असे बटण लोकांच्या हाती देण्यापूर्वी तपासण्याचे काम आज अनेकदा यंत्राकडे सोपवले जाते. नागपुरातील पर्सिस्टंट असो वा मिहानमधील टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल. सॉफ्टवेअर चाचणी हा या क्षेत्रातील रोजगाराचा एक मोठा भाग आहे. चाचणीची आज्ञावली एकदा लिहिली की संगणक रात्रभर तेच अर्ज भरतो, तीच बटणे दाबतो आणि सकाळी अहवाल देतो. मात्र माणसाला पडद्याकडे पाहून जे क्षणात कळते, ते यंत्राला सांगावे लागते: या एवढ्या पसाऱ्यात बटण कोणते?

सुरुवातीच्या साधनांनी यावर काढलेला तोडगा सरळ होता. पडद्याच्या डावीकडून इतके आणि वरून इतके अंतर मोजून तेथे क्लिक करायचे. पडद्याचा आकार बदलला की हा हिशेब कोसळत असे. बटणाचे चित्र साठवून ते पडद्यावर शोधण्याची पद्धतही आली. परंतु रंग वा अक्षराचा आकार बदलला की तीही गडबडते. पुढे मर्क्युरी कंपनीच्या साधनांनी प्रत्येक बटणाचे गुणधर्म एका कोठारात नोंदवून ठेवण्याची रीत रुजवली. २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे मुक्त साधन तयार केले. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, आणि मर्क्युरी म्हणजे पारा, अशी या नावामागची थट्टा सांगितली जाते. या साधनातून पुढे आलेल्या वेबड्रायव्हरला २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

सेलेनियम बटण शोधते ते पानाच्या अंतर्गत रचनेतून. बटणाला स्वतंत्र ओळखक्रमांक दिलेला असेल तर काम सोपे होते. तो नसेल तर ‘तिसऱ्या चौकटीतील दुसऱ्या ओळीतले पहिले बटण’ अशा पत्त्यावर भिस्त ठेवावी लागते. वर एखादी सूचना नव्याने टाकली की पत्ता चुकतो. चाचणी लिहिणाऱ्यांचा बराच वेळ असे चुकलेले पत्ते दुरुस्त करण्यात जातो.

मग बटणावरच्या मजकुरावरूनच ते का ओळखू नये? इंग्रजीपुरते हे बऱ्यापैकी जमते. मराठीत मात्र एक अडचण आहे आणि ती आपल्याच लिपीतली आहे. ‘शेतकऱ्याची माहिती जतन करा’ या ओळीतला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून टिकवली गेली. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. ‘र’ला खाली नुक्ता देऊन होणारा तिसरा प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकरूप करता येतो, पण जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही. भाषांतर करणाऱ्याने एका टंकन पद्धतीने लिहिले आणि चाचणी लिहिणाऱ्याने दुसऱ्या, की डोळ्यांसमोर असलेले बटण यंत्राला ‘सापडत नाही’. राम गणेश गडकऱ्यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी याच सावनेरात निधन झाले. ‘गडकऱ्यांचे’ हा शब्द संगणकावर शोधणाऱ्यालाही नेमका हाच अनुभव येऊ शकतो.

युनिकोड रुळण्यापूर्वीची स्थिती याहून बिकट होती. वाचकाच्या संगणकावर फाँट नसेल या भीतीने अनेक मराठी संकेतस्थळांवर बटणावरची अक्षरे चित्र म्हणूनच टाकली जात. यंत्राला तेथे शब्द दिसतच नसे.

बटण सापडले नाही म्हणून चाचणी थांबली, तर निदान कोणीतरी चौकशी करते. खरा धोका उलट बाजूला आहे. पडद्यावर मोबाइलच्या कीबोर्डखाली झाकले गेलेले बटणही आज्ञावलीतून थेट दाबता येते. अहवालात ‘उत्तीर्ण’ असा शेरा येतो. शेतातल्या माणसाचे बोट मात्र तेथवर पोहोचत नाही. इंग्रजीतील ‘सेव्ह’ या छोट्या शब्दाच्या जागी लांब मराठी ओळ आली की बटणावरची अक्षरे कापली जातात, हेही केवळ इंग्रजी पानावर घेतलेल्या चाचणीला कळत नाही. आमच्या मते, मराठी जनतेसाठीच्या सेवेची चाचणी मराठी पानावर न घेणे ही काटकसर नसून हयगय आहे.

अलीकडे प्लेराइटसारखी साधने बटण शोधताना त्याची भूमिका आणि त्याचे घोषित नाव यांना प्राधान्य देण्याचा सल्ला देतात. हेच नाव दृष्टिहीन व्यक्तींचा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. नाव दिलेले नसेल तर तो नुसते ‘बटण’ एवढेच उच्चारतो, आणि पानावर अशी सहा बटणे असतील तर सहा वेळा. म्हणजे यंत्राला बटण अशा रीतीने नावानिशी सापडले, तर दृष्टिहीन वापरकर्त्यालाही ते सापडण्याची शक्यता वाढते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता बंधनकारक केली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल ई-केवायसीसंबंधीच्या प्रज्ञा प्रसून खटल्यात, डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला.

केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठी असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. प्रश्न आहे तो निविदेचा. ॲप तयार करून घेणाऱ्या खात्याने प्रत्येक बटणाला स्थिर ओळखक्रमांक, मराठीतील घोषित नाव आणि ‘ऱ्य’ लिहिण्याची एकच ठरलेली रीत या तीन अटी कंत्राटातच घातल्या, तर त्यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. ॲप तयार झाल्यावर याच गोष्टी बसवायच्या म्हटल्या, तर प्रत्येक पान पुन्हा उघडावे लागते, आणि तोवर हंगाम सुरू झालेला असतो.