सहलीला साधी बस का नको?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या फलकावर सहलीची नोटीस लागते. कुठे जायचे, गाडी कोणती, वर्गणी किती, याची चर्चा वर्गावर्गांत सुरू होते. ठरलेल्या तारखेपर्यंत बहुतेकांचे पैसे जमा होतात. काहींचे होत नाहीत. ही मुले "त्या दिवशी घरी काम आहे" असे सांगतात आणि सहलीच्या दिवशी शाळेकडे फिरकत नाहीत. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा आपल्या डिचोली तालुक्यात अनेक घरांचा महिन्याचा हिशेब विस्कटला. अशा घरांत सहलीची वर्गणी ही सर्वांत आधी कापली जाणारी रक्कम असते. सहल हा शिक्षणाचा भाग आहे असे आपण म्हणत असू, तर पैशाअभावी एकही मूल तिला मुकता कामा नये. म्हणून आम्ही पालकांसमोर आणि विश्वस्त मंडळासमोर एक सूचना ठेवत आहोत. जवळच्या सहली खास भाड्याच्या गाडीने न काढता रोजच्या लाईन बसने काढाव्यात.

ही सूचना ऐकून कोणी हसेल. "बसने काय बघणार?" असे विचारील. तर आमोणेच्या थांब्यावर उभे राहून आपण नुसता विचार करू.

पुलापलीकडे खांडोळा आणि माशेल आहे. माशेलला देवकीकृष्णाचे देऊळ आहे. आई आणि बाळकृष्ण यांची एकत्र पूजा होते अशी देवळे थोडीच. हे दैवत मूळचे चोडण बेटावरचे. ते तिथून इथवर का यावे लागले, हा प्रश्न म्हणजे सोळाव्या शतकातल्या गोव्याचा अख्खा धडा आहे. दुसऱ्या दिशेला साखळी. साखळीच्या बसस्थानकावर उतरून पायी गेले की हरवळेची कोरीव लेणी, धबधबा आणि रुद्रेश्वराचे देऊळ एकाच ठिकाणी पाहायला मिळते. पणजीला गेलो तर कदंब स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथून शहरी बसने मिरामारचा किनारा गाठता येतो. वाटेत जुने गोवे लागतेच. तिथल्या चर्चना १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान आहे. परदेशातून माणसे ती पाहायला येतात आणि आपली मुले त्यांच्यासमोरून बसने निघून जातात.

आणि नार्वे! ज्या 'कदंब' बसमध्ये आपण चढतो, तिला ते नाव कोठून आले हे किती मुलांना ठाऊक आहे? कदंब परिवहन महामंडळ १९८० साली स्थापन झाले आणि गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजघराण्याचे नाव त्याला मिळाले. बसवरचा सिंहही त्याच घराण्याच्या राजचिन्हातला. या कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्याचे नाव त्यांनी आपल्या नाण्यांवरही कोरले. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीज अमदानीत ते देऊळ पाडले गेले आणि देव नदी ओलांडून आपल्या तालुक्यात नार्वे येथे आला. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी या मंदिराचा जीर्णोद्धार करवला, त्याचा शिलालेख तिथे आहे. २०२३ मध्ये नूतनीकरण होऊन मंदिर पुन्हा खुले झाले. नार्व्याहून दिवाडीला आणि दिवाडीहून जुन्या गोव्याला फेरीबोट आहे, आणि पायी जाणाऱ्याला फेरीचे तिकीट पडत नाही. कदंब राजे, पोर्तुगीज आणि शिवाजी महाराज, इतिहासाच्या पुस्तकातले तीन धडे एका दिवसात, बसच्या तिकिटात!

पैशाची बचत हा पहिला फायदा. दुसरा आम्हांला त्याहून मोठा वाटतो. आज आपली बरीच मुले बालरथातून शाळेत येतात. सोय उत्तम आहे आणि ती हवीच. परंतु दाराजवळ चढणे आणि शाळेच्या फाटकात उतरणे एवढाच ज्याचा प्रवास, ते मूल बसची पाटी वाचायला, कंडक्टरला थांबा सांगायला, सुट्टे पैसे मोजून द्यायला, म्हाताऱ्या माणसाला उठून जागा द्यायला कधी शिकणार? दहावीनंतर याच मुलांना डिचोली, साखळी, खांडोळा, पणजी येथे एकट्याने जायचे आहे. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच दुचाकीचा हट्ट सुरू होतो, त्याचे एक कारण म्हणजे बसने जाण्याची सवयच नसते. त्या हट्टाची किंमत कधी कधी फार जबर असते, हे कोणत्याही पालकाला सांगायला नको.

महाराष्ट्रात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना ठाऊक असेल. चार किंवा सात दिवसांचा पास काढून कितीतरी कुटुंबांनी साध्या गाडीने तीर्थे आणि किल्ले पाहिले. बसने फिरणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. मग आपल्यालाच का वाटावे?

आता अडचणी. त्या आम्ही नाकारत नाही. चाळीस-पन्नास मुले एका बसमध्ये चढली तर रोजच्या प्रवाशांनी जायचे कुठे? म्हणून वर्गाचे पंधरा-पंधराचे गट करावेत, प्रत्येकाबरोबर दोन मोठी माणसे द्यावीत आणि कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर निघावे. एका वर्गाचे तीन गट एकाच दिवशी तीन दिशांना जातील. एक हरवळेला, एक माशेलला, एक पणजीला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने वर्गात आपली सहल इतरांना सांगावी. नार्वे-दिवाडीचा बेत चालण्याचा आहे, तो मोठ्या मुलांसाठी ठेवावा. बस वेळेवर येईलच याची हमी नाही आणि संध्याकाळनंतर गावाकडच्या फेऱ्या विरळ होतात, तेव्हा चारच्या सुमारास परतीची बस धरावी. तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरासारख्या आडजागी जायचे तर खास गाडी लागेलच. ती वर्षाआड एकदा करावी आणि तिच्यासाठी शाळेने आधीपासून पैसे बाजूला ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. बसला प्रवासी कमी झाले की फेरी परवडेनाशी होते, आणि फेरी बंद पडली की सर्वांत आधी अडतात ती ज्यांच्याकडे वाहन नाही अशी माणसे. दवाखान्यात निघालेली आजी, बाजाराला निघालेली भाजीवाली आणि क्लासला निघालेली आपलीच मुलगी. बस टिकायची असेल तर तिच्यात बसणारे हवेत.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यंदा आठवीच्या वर्गापासून हा प्रयोग करण्यास संमती द्यावी आणि बरोबर येणाऱ्या शिक्षकांच्या तिकिटाचा खर्च शाळेने उचलावा. पालकांपैकी ज्यांना एक दिवस काढता येईल त्यांनी गटाबरोबर यावे आणि आपली नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत. विद्यार्थ्यांनी आपल्या थांब्यावरून कोणती बस किती वाजता कुठे जाते, याचा तक्ता आतापासूनच तयार करावा. तो पूर्ण झाला की सहलीची निम्मी तयारी झाली असे समजू. आणि नोटीस लागेल तेव्हा तिच्यावरच्या वर्गणीच्या रकमेमुळे एकाही मुलाला त्या दिवशी घरी काम निघू नये.