संशोधन कोणासाठी?

जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘ॲलिस’ प्रयोगासाठी फोटॉन मोजणारे उपकरण उभारण्यात जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकांनी वाटा उचलला. सार्वजनिक विद्यापीठांची कुवत अशी आहे. राज्यकर्त्यांची दानत मात्र तशी नाही. राजस्थानातच जन्मलेले पदार्थवैज्ञानिक दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६६ साली शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा मागितला. तो आजतागायत मिळालेला नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय रिसर्च फाउंडेशनच्या पाच वर्षांतील ५०,००० कोटी रुपयांपैकी बहुतांश रक्कम खाजगी उद्योग व देणगीदारांकडून अपेक्षिली गेली. नफ्याची वाट दाखविणाऱ्या संगणकशास्त्राला भांडवल पैसा पुरवील. शेतमजुरीचे अर्थशास्त्र आणि गावशाळेचे शिक्षणशास्त्र यांना कोण पुरविणार? संशोधनाचा खर्च शासनानेच उचलला पाहिजे, ही मागणी केवळ प्राध्यापकांची नव्हे, श्रमिक जनतेचीही आहे.