फाटकावरची सुरक्षा

शाळेत काही भयंकर घडले की दुसऱ्या दिवशी मागण्यांची यादी तयार असते. फाटकावर मेटल डिटेक्टर, व्हरांड्यात कॅमेरे, दारात बंदूकधारी पोलीस. आणि अमेरिकेत असाल तर शिक्षकाच्या टेबलाच्या खणात पिस्तूलसुद्धा. ही यादी करणारे काही मूर्ख नसतात. वस्तीत हत्यारे आहेत, वस्तीतली मुले शाळेत येतात, तेव्हा हत्यार उंबऱ्यावरच अडवा, असे त्यांचे सरळ म्हणणे. गोळीबार होणाऱ्या गल्लीतून रोज सकाळी मुलाला शाळेत धाडणाऱ्या आईला ते पटले तर नवल नाही. तरीही हा युक्तिवाद चुकीच्या जागी पहारा बसवतो, असे माझे मत आहे.

शिकागोचेच पाहा. २४ सप्टेंबर २००९ रोजी शहराच्या दक्षिण टोकाला रोझलँड भागातले फेंगर हायस्कूल सुटले. घरी निघालेला १६ वर्षांचा एक विद्यार्थी दोन गटांच्या मारामारीत सापडला आणि लाकडी दांडक्यांच्या माराने मेला. कुणीतरी मोबाइलवर केलेले चित्रण जगभर दिसले. ओबामांनी आपले ॲटर्नी जनरल आणि शिक्षणमंत्री शहरात पाठवले. पण खून शाळेत झालाच नव्हता. तो झाला घराच्या वाटेवर. भांडणारे कोण? शाळेच्या आसपास राहणारी मुले आणि काही मैलांवरच्या ऑल्टगेल्ड गार्डन्स या सरकारी वसाहतीतली मुले. ती एवढ्या लांब का येत होती? त्यांच्या घराजवळच्या कार्व्हर हायस्कूलची लष्करी शिस्तीची निवडक शाळा करून टाकली होती, म्हणून. एका टोळीच्या हद्दीतून दुसऱ्या टोळीच्या हद्दीत रोज जाण्याची पाळी या मुलांवर कुणा गुंडाने आणली नव्हती, ती शिक्षण खात्याच्या कागदाने आणली होती. (शिकागोत धावून आलेले शिक्षणमंत्री आर्नी डंकन २००१ पासून २००९ च्या आरंभापर्यंत याच शहराच्या शाळांचे प्रमुख होते, हेही नोंदवून ठेवावे.) फेंगरच्या फाटकावर दहा यंत्रे असती तरी त्या मुलाला त्यांचा काय उपयोग होता?

मग ही यंत्रांची आणि बंदुकांची यादी येते कुठून? बहुधा ती भलत्याच ठिकाणच्या शोकांतिकांतून येते. फ्लोरिडातले पार्कलंड हे सुखवस्तू उपनगर. २०१८ मध्ये तिथल्या शाळेत १७ जण मारले गेले. सशस्त्र पोलीस तिथे नेमलेला होता. तो इमारतीबाहेरच थांबला. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीत शाळेत गोळीबार झाला तेव्हा ३७६ पोलीस जमले, वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली, १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी ओहायो राज्याने कायदा बदलला. शाळेत बंदूक बाळगू पाहणाऱ्या शिक्षकाला पूर्वी ७०० तासांहून अधिक प्रशिक्षण लागे, आता २४ तास पुरेत. कसलेले पोलीस जिथे दाराबाहेर खोळंबले, तिथे गणिताच्या बाईंनी तीन दिवसांच्या शिकवणीवर नेम धरायचा! आणि असले उपाय गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळांच्या गळ्यात मारले जातात, जिथला धोका मुळात वेगळा आहे. तो कधीतरी येणाऱ्या माथेफिरूचा नसतो. कालच्या भांडणाचा, आजच्या टोमण्याचा आणि उद्या वाटेत गाठण्याच्या धमकीचा असतो.

इथे एक आक्षेप मात्र झटकून टाकता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गावी पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. मेटल डिटेक्टर असता तर पिस्तूल सापडले असते की नाही? असते, हे मान्य. पण त्या दिवशी पिस्तुलाची कुणकुण यंत्राशिवायच लागली होती. मुलाजवळ बंदूक असावी, असे कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांच्या कानावर एकदा नव्हे, अनेकदा घातले होते. दप्तर तपासले गेले, खिसे राहिले. नंतर त्या गावाने शाळाशाळांत यंत्रे बसवली आणि २०२५ मध्ये ज्यूरीने शिक्षिकेला १ कोटी डॉलर भरपाई देववली, ती तत्कालीन उपमुख्याध्यापिकेच्या बेपर्वाईबद्दल. धोक्याच्या वस्तीत शिक्षकाला सुरक्षित ठेवायचे तर त्याचा शब्द ऐकून त्याच क्षणी हालचाल करणे ज्याला बंधनकारक आहे, असा माणूस आधी हवा. यंत्र त्यानंतर खुशाल लावा.

शिकागोने त्या खुनानंतर जे केले त्यात मला उत्तर दिसते. ‘सेफ पॅसेज’ योजनेत शाळा भरताना आणि सुटताना ठरलेल्या रस्त्यांवर झगझगीत जाकिटे घातलेली माणसे उभी राहू लागली. पोलीस नव्हेत, त्याच मोहल्ल्यातले आईबाप, आज्या, बेकार तरुण, तेव्हाच्या तासाला १० डॉलरच्या आसपास मजुरीवर. हातात बंदूक नाही. पण कुठल्या पोराचे कुणाशी बिनसले आहे आणि कुठल्या कोपऱ्यावर आज गर्दी जास्त आहे, हे त्यांना ठाऊक असते. २०१३ मध्ये शहराने सुमारे ५० शाळा एकदम बंद केल्या तेव्हा अशी आणखी ६०० माणसे नेमावी लागली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा या रस्त्यांवरचे हिंसक गुन्हे सरासरी १४ टक्क्यांनी घटलेले आढळले.

दुसरा उपाय वर्गाच्या आतला. ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमात मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तो ३० सेकंदांत मिळवायचा. मुले झोंबतात, बोटे पिरगाळतात. मग समुपदेशक विचारतो, नुसता मागून का नाही पाहिलास? समोरचा म्हणतो, मागितला असता तर दिलाही असता. वाचताना हे पोरकट वाटते. पण सोडतीने मुले निवडून केलेल्या चाचण्यांत कार्यक्रम चालू असेपर्यंत हिंसक गुन्ह्यांखालच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरतो, हेही खरे. म्हणजे समुपदेशकाची जागा वर्षभरासाठी नव्हे, कायमची मंजूर करायला हवी. शिकागोच्या शिक्षण मंडळाने २०२४ मध्ये शाळांतून पोलीस काढण्याचा ठराव केला. मला तो योग्य वाटतो, पण पोलीस गेले आणि त्यांच्या जागी कुणीच आले नाही, तर ती सुधारणा नव्हे, काटकसर.

आपल्याकडेही पहिला हात कॅमेऱ्याकडेच जातो. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितले, नाहीतर अनुदान किंवा मान्यता धोक्यात. मुलींचे ऐकून घेणाऱ्या सखी सावित्री समित्या मात्र २०२२ पासूनच कागदावर होत्या. आणि २० पेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळांत विलीन करण्याचा २०२३ चा विचार आठवतो? त्या चर्चेत इमारती, शिक्षकसंख्या, खर्च सगळे होते. शाळा लांब गेल्यावर आठवीतली मुलगी संध्याकाळी कुठल्या रस्त्याने परतेल आणि त्या रस्त्यावर कोण उभे असेल, हा रकाना प्रत्येक विलीनीकरणाच्या प्रस्तावात असावा आणि तो कोरा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.