कोपरा रिकामा होतो तेव्हा



कबड्डीचा सामना पाहताना तुमची नजर कोणावर असते? बहुतेकांची चढाई करणाऱ्यावर असते. तो मध्यरेषा ओलांडतो, दम धरून समोरच्या अंगणात जातो, कोणाला तरी स्पर्श करून परत येतो आणि टाळ्या वाजतात. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव सगळ्या वर्गाच्या तोंडी असते.

आज मी तुम्हांला समोरच्या अंगणाकडे पाहायला सांगणार आहे. तेथे सात खेळाडू अर्धवर्तुळात उभे असतात. काहींनी एकमेकांचे हात धरलेले असतात. याला साखळी म्हणतात. साखळी म्हणजे तुमच्या उर्दूतली जंजीर. या साखळीची दोन टोके म्हणजे डावा कोपरा आणि उजवा कोपरा. कोपरा म्हणजे कोना. तेथे उभा राहतो तो कोपरारक्षक. त्याच्या आतल्या बाजूला, साखळीच्या मध्याजवळ उभा राहतो तो मध्यरक्षक. मैदानावर त्याला सगळे कव्हर म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

आता त्यांचे काम पाहा. चढाई करणारा कोपऱ्याजवळ येतो. कोपरारक्षक झेप घेऊन त्याचा घोटा पकडतो. घोटा म्हणजे टखना. पण नुसता घोटा धरून भागत नाही. चढाईपटू अंगाने दणकट असला तर तो कोपरारक्षकाला ओढत ओढत मध्यरेषेकडे नेतो. त्याचे एक बोट रेषेपलीकडे टेकले की पकड वाया जाते. म्हणून त्याच क्षणी कव्हरने समोरून येऊन त्याला अडवायचे असते. कव्हर उशिरा आला तर दोघेही बाद. लवकर आला तर चढाईपटू सावध होतो आणि मागे फिरतो. मग नेमके केव्हा यायचे, हे कव्हरला कोण सांगतो? ओरडून तर कोणीच सांगत नाही. एखादी नजर, हाताचा हलकासा दाब, पायाची जराशी हालचाल, एवढ्यावरच त्याला समजते. ही समज एका दिवसात येत नाही. शेकडो वेळा एकमेकांशेजारी उभे राहावे लागते, तेव्हा कुठे ती येते.

म्हणून संघातला जुना कोपरारक्षक निघून जातो तेव्हा संघ एक माणूस गमावतो, हा हिशेब मला अपुरा वाटतो. त्याच्याबरोबर त्याच्या शेजाऱ्याची समजही निकामी होते. आपण रिकाम्या जागेसाठी दुसरा मोठा खेळाडू शोधत बसतो. माझ्या मते शोध जोडीचा घ्यायला हवा, आणि तोही जुना खेळाडू संघात असतानाच.

हा प्रश्न फक्त कबड्डीचा आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात रग्बी लीग नावाचा तेरा जणांचा खेळ आहे. त्यात पुढच्या फळीत सहा गडी असतात. अंगावर येणाऱ्याला अडवायचे आणि धडका देत पुढे सरकायचे, हे त्यांचे काम. त्या सहांतला जुना गडी गेला की तेथील लोकही विचारतात, आता फळीचे काय होणार? पण रग्बी आपण कोणी पाहिलेली नाही. आपण आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्यात मुंबईचा यू मुंबा नावाचा संघ होता. पहिल्या तिन्ही वेळा हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २०१४ मध्ये जयपूरकडून हरला, २०१५ मध्ये बंगळूरला ३६-३० असे हरवून विजेता झाला आणि २०१६ च्या सुरुवातीला पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी हरला. लोक कर्णधार अनुपकुमारच्या शांत चढायांचे कौतुक करत. ते योग्यच होते. पण या संघाचा खरा दरारा होता त्याच्या साखळीचा. डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि आपल्या महाराष्ट्राचा विशाल माने. समोरचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्याआधीच दोनदा विचार करत असे.

२०१६ च्या मध्यात, चौथ्या हंगामापूर्वी, खेळाडूंची अदलाबदल झाली. नाडा आणि छिल्लर दोघेही बंगळूर बुल्सकडे गेले. छिल्लरला तर त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली मिळाली, ५३ लाख रुपयांची. मुंबईचे दोन्ही कोपरे एकदम रिकामे झाले. अनुपकुमार संघातच होता. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणणारा राकेशकुमारही संघात आला. म्हणजे नावांची कमतरता नव्हती. तरी त्या वर्षी मुंबईला पहिल्यांदाच पहिल्या चार संघांत जागा मिळाली नाही.

तुम्ही म्हणाल, सरळ आहे, चांगले खेळाडू गेले म्हणून संघ मागे पडला. मग बंगळूरचे काय? तेथे तर हे दोन्ही कोपरारक्षक एकत्र गेले होते. त्या हंगामात बंगळूरही पहिल्या चारांत आला नाही! खेळात हारजीत एकाच कारणाने होत नाही, हे मला मान्य आहे. पण कोपरारक्षक बरोबर नेता येतात, त्यांच्या शेजारी दोन वर्षे उभे राहिलेले कव्हर मागेच राहतात, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

याच गोष्टीची आणखी एक बाजू आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. २०१५ मध्ये यू मुंबाकडे इराणचा एक तरुण आला होता, फझल अत्राचली. तोही डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. नाडा आणि छिल्लर ज्या संघात सराव करत, त्याच संघात तोही सराव करत होता. म्हणजे रिकामा होणारा कोपरा सांभाळू शकेल असा खेळाडू घरातच होता. पण २०१६ च्या त्या चौथ्या हंगामात तो पाटण्याकडून खेळला आणि पाटणा विजेता ठरला. पुढे दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, मुंबईने त्यालाच परत आणले आणि कर्णधार केले. घरातला माणूस ओळखायला कधी कधी फार उशीर होतो.

आता त्याच संघाचे २०१९ चे वर्ष पाहा. २०१८ मध्ये मुंबईच्या उजव्या कोपऱ्यात धर्मराज चेरलाथन होता. वय चाळिशीच्या पुढे. इतर खेळाडू त्याला आदराने अण्णा म्हणत. पुढच्या वर्षी हे अण्णा हरियाणाच्या संघात गेले. इतका अनुभवी माणूस गेला म्हणजे साखळी तुटायला हवी होती. पण डाव्या कोपऱ्यात फझल तोच होता, कव्हरला सुरेंदर सिंग तोच होता. उजव्या कोपऱ्यात संदीप नरवाल आला आणि या जुळलेल्या साखळीत मिसळून गेला. मुंबई उपान्त्य सामन्यापर्यंत पोहोचली. तेथे ती बंगालकडून ३७-३५ अशी हरली, आणि तोच बंगालचा संघ पुढे विजेता झाला. एक कडी बदलली आणि बाकीच्या कड्या जागेवर राहिल्या, तर असे होते.

मोठ्या संघांची गोष्ट पुरे. आपल्या राजूरकडे येऊ. आपल्या गावाला लोक लांबून येतात ते गणपतीच्या दर्शनाला. अंगारकी चतुर्थीला तर जालना आणि भोकरदन या दोन्ही बाजूंचे रस्ते माणसांनी भरून जातात. आपली कबड्डी पाहायला कोणी येत नाही. मॅट नाही, काळी माती आहे. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पण साखळीचा नियम मातीवरही तोच आहे.

मुंबईच्या संघाला लिलावाची भीती असते, शाळेच्या संघाला मार्च महिन्याची. दहावीची परीक्षा झाली की संघातला सर्वांत मोठा मुलगा गेला. कोणी अकरावीसाठी जालन्याला जातो. कोणी गॅरेजमध्ये, कोणी वडिलांच्या दुकानात बसतो. कोणाचे घर तर दिवाळीनंतरच ऊसतोडीला निघते आणि मुलगा वर्षाच्या मध्येच दिसेनासा होतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मागे राहिलेले सहा जण मैदानावर उभे असतात आणि म्हणतात, "भाई गेले, आता आपले काय?"

अशा वेळी काही ठिकाणी एक सोपा मार्ग काढला जातो. दोन वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या मुलाला बोलावतात. कागदावर त्याची जन्मतारीख बदलतात आणि त्याला पुन्हा कोपऱ्यात उभे करतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात, हे तुम्हांला माहीत आहे. तरी हे चालते आणि ट्रॉफी हवी असते म्हणून मोठी माणसेही त्याकडे डोळेझाक करतात.

मी या गोष्टीच्या पूर्ण विरोधात आहे. खोटा कागद हा गुन्हा आहे, हे तर झालेच. पकडला गेला तर संघ स्पर्धेतून बाद होतो आणि मान खाली घालायची वेळ त्या मुलावर येते, कागद करणाऱ्यावर नाही. पण समजा, पकडला गेला नाही. तरीही नुकसान होतेच. त्या कोपऱ्यात जो नववीचा मुलगा उभा राहणार होता, तो बाहेर बसतो. तो बसला म्हणून त्याची आणि कव्हरची जोडी जमत नाही. पुढच्या वर्षी कोपरा पुन्हा रिकामा, आणि पुन्हा बाहेरचा मुलगा शोधायचा. एका ट्रॉफीसाठी शाळा आपले दोन वर्षांचे संघ विकून टाकते.

"सर, मग जिंकायचेच नाही का?" असे तुमच्यापैकी कोणी तरी विचारील. जिंकायचे आहे. म्हणून तर सांगतो. उसना आणलेला मुलगा कितीही ताकदवान असला तरी त्याने या वर्षी तुमच्या कव्हरचा हात एकदाही धरलेला नसतो. तो घोटा पकडील, पण पुढे कोण येणार? मैदानावर पाहा. असा खेळाडू एकटाच लोळताना दिसतो आणि बाकीचे सहा जण उभे राहून पाहत असतात.

आता थोडे दहावीच्या मुलांशी बोलतो. तुम्ही संघात मोठे आहात. धाकटी मुले तुम्हांला भाई म्हणतात, तुमची पिशवी उचलतात. कोपरा ही मानाची जागा आहे आणि शेवटच्या वर्षी ती सोडावीशी वाटत नाही, हे मला कळते. तरी माझे म्हणणे असे की याच वर्षी निदान निम्म्या सामन्यांत ती सोडा. तुम्ही कव्हरला या आणि नववीच्या मुलाला कोपऱ्यात उभे करा. तो चुकेल. घाईने झेप घेईल, घोट्याऐवजी हवेला हात घालील. तुम्ही शेजारी असाल तर त्याची चूक सावरता येईल. पुढच्या वर्षी तुम्ही नसाल तेव्हा ती सावरायला कोणी नसेल.

सरावाची रीतही थोडी बदलायला हवी. आपल्याकडे सराव म्हणजे दोन संघ पाडून सामना खेळणे. त्यात चढाई करणाऱ्याचा सराव होतो, साखळीचा होत नाही. रोज पंधरा मिनिटे फक्त कोपरा आणि कव्हर अशा जोड्या उभ्या करा. समोरून एक मुलगा हळूहळू चालत येऊ द्या. पळायचे नाही, नुसते चालायचे. केव्हा पुढे व्हायचे, हे जोडीने न बोलता ठरवायचे. दर आठवड्याला जोडी बदलायची. कधी मैदानावर तिघेच ठेवा. तिघे किंवा त्याहून कमी खेळाडू राहिले असताना पकड केली तर अव्वल पकड होते आणि दोन गुण मिळतात. तीन जण उरले की धाकट्यांचा धीर सुटतो, म्हणून ही सवय तर हवीच.

मुलींच्या संघाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलांच्या संघातला मोठा खेळाडू दहावीनंतर जातो. मुलींच्या संघातली मोठी खेळाडू कित्येकदा दहावीपर्यंतही थांबत नाही. आठवी झाली की घरातून विचारले जाते, आता शाळा कशाला? सप्टेंबरमध्ये उजव्या कोपऱ्यात असलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर येतच नाही. ती जागा साखळी बदलून भरून काढता येईल. पण तिचे शाळेत येणे थांबले, हे नुकसान संघाच्या नुकसानापेक्षा फार मोठे आहे. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलींनी एकदा तिच्या घरी जाऊन तिच्या अम्मीशी बोलावे. शिक्षक गेले तर घरचे लोक औपचारिक उत्तर देतात. मैत्रिणी गेल्या तर निदान बसून बोलतात.

१५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. बुवांनी या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य घालवले. त्या दिवशी भाषणे आखूड ठेवा आणि एक सामना खेळा. दोन्ही संघांत आठवी-नववीची मुले कोपऱ्यात, दहावीची कव्हरला. गुण कोणी किती घेतले हे फळ्यावर लिहू नका. प्रत्येक पकडीत कोपरा आणि कव्हर एकाच वेळी पुढे आले का, तेवढेच लिहा. पहिल्या वर्षी फळा बराचसा कोराच राहील.