रक्तातली खूण आणि डोक्यावरचं घमेलं

पोर वेळेआधी येणार का, हे आता बाईच्या रक्तात बघतात. पाचव्या महिन्यात रक्तातली दोन प्रोटीनं मोजायची, त्यांचं प्रमाण काढायचं आणि सांगायचं, बाई, तुला धोका जास्त. अमेरिकेत ही तपासणी विकायलाही निघाली. दुसरी तपासणी फायब्रोनेक्टिनची. गर्भपिशवीला पोराचं वेष्टन धरून ठेवणारा हा डिंकच म्हणा. तो वेळेआधी खाली झिरपला तर सावध व्हायचं.

मित्रांनो, विज्ञानाला शिव्या घालायला मी लेखणी उचललेली नाही. ते काम भटजीबुवांनी करावं. कळा येणाऱ्या बाईला डिंकाची तपासणी 'नाही' म्हणाली, तर येत्या आठवड्याभरात ती बहुधा बाळंत होत नाही. तिला उगाच खाटेला बांधायला नको. 'हो' म्हणाली तर मात्र खात्री नाही, बऱ्याच जणींचे दिवस पुढं जातात. तरी वेळीच कळलं तर पोराची फुप्फुसं तयार करणारं इंजेक्शन देता येतं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवीनं १९७२ सालीच ते दाखवलं. म्हाताऱ्या म्हणतात, सातव्याचं जगतं, आठव्याचं दगावतं. साफ खोटं. पोटात मिळालेला एकेक आठवडा पोराच्या पदरात पडतो.

भांडण वेगळं आहे. गोदीत खोक्यावर खूण असते : हूक लावू नका. अख्खी टोळी ती पाळते. मुकादम बोंबलतो, हळू साल्यांनो, काच आहे! खोक्याला कुणी म्हणत नाही, तू काच आहेस, आता तूच स्वतःला जप. खूण उचलणाऱ्यासाठी असते. मग बाईच्या रक्तात खूण सापडली तर ती पाळायची कुणी? कागद तिच्याच हातात. विश्रांती घ्या, वजन उचलू नका, सकस खा.

माझी वहिनी नाक्यावर उभी राहते. तिलाही असाच कागद मिळाला होता. आराम कुठल्या दुकानात मिळतो, हे तिनं डॉक्टरला विचारलं नाही. स्लॅबच्या कामावर घमेली वाहिली, साडेसातव्या महिन्यात बाळंत झाली. पोरगी दीड किलोची. जगली, दादाच्या उघड्या छातीवर.

२०२० साली जगात १ कोटी ३४ लाख पोरं वेळेआधी जन्मली. त्यातली ३० लाखांच्या आसपास आपल्या देशात. गुरुग्रामच्या सरकारी दवाखान्यात २०१५ पासून हजारो पोटुश्या बायकांना नोंदवून शास्त्रज्ञ हीच खूण शोधायला लागले. शोधू देत. पण नुसत्या रक्तात शोधाल तर अर्धंच सापडेल.

ज्या काळ्यांच्या लढ्यातून पँथर हे नाव आलं, त्यांच्या अमेरिकेत काळ्या बाईचं पोर वेळेआधी येण्याचं प्रमाण गोरीच्या जवळपास दीडपट. वंशातच असेल, म्हणणारे होतेच. डेव्हिड आणि कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉयमधल्या जन्मनोंदी काढून पोरांची वजनं तपासली. १९९७ साली ते छापून आलं. आफ्रिकेत जन्मून तिथं आलेल्या काळ्या बायकांची पोरं वजनानं गोऱ्यांच्या पोरांजवळ. अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या बायकांची पोरं हलकी. रक्त तर दोघींचं आफ्रिकेचंच! आपल्याकडे अशी नोंद जातीनिशी काढायला कोण बसलंय?

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. १९२९ ला कायदा झाला. २०१७ ला भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती दहा माणसं कामाला असतील तिथं. नाक्यावरच्या बाईचा मालक रोज नवा. तो कसली रजा देतो? तिच्यासाठी पहिल्या पोराला सरकारी योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्यानं.

तपासणी आणा. सरकारी दवाखान्यात फुकट आणा. पण ज्या कागदावर धोका लिहाल, त्याच कागदावर त्या दिवसापासूनची रोजी लिहा, बाळंत होऊन अंग धरेपर्यंतची. तो कागद वॉर्ड ऑफिसात दाखवला की पैसे मोजून मिळाले पाहिजेत. बाईच्या हातात. नवऱ्याच्या नाही.