तालमीचे नाव गहाण टाकू नका

फुटबॉल सामन्याच्या दिवशी दुपारी शाहू स्टेडियमच्या वाटेवर उभे राहिले, की समोरून येणारा पोरगा कोणत्या पेठेचा हे त्याच्या जर्सीवरून कळते. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा ही तालमी-मंडळांच्या संघांची नावे कोल्हापुरात घरातल्या माणसांच्या नावांसारखी घेतली जातात. या वेडाला पैशात मोल आहे, हे आता बाजाराला कळले आहे आणि तालमींनाही. मग तालमीने महाद्वार रोडसारख्या भर बाजारपेठेत स्वतःचे दुकान थाटावे, जर्सी, टोप्या, बूट विकावेत आणि संघाचा खर्च त्यातून काढावा, ही कल्पना कुणालाही गोड वाटेल. आम्हाला तिच्यात धोका दिसतो, आणि दुकानाच्या करारावर सही होण्याआधीच तो सांगितला पाहिजे.

कल्पनेमागची तळमळ खरी आहे, हे आधी मान्य करू. संघ उभा करणे आता वर्गणीचे काम राहिलेले नाही. बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू आले, त्यांचे मानधन आले, राहण्याजेवणाची सोय आली. गुडघा दुखावलेल्या पोराचा दवाखाना आहेच. हा भार पेलतो तो देणगीदार, आणि देणगीदार बहुतेक वेळा राजकारणातला असतो. चषकांवरची नावे वाचली तरी पुरे. निवडणूक जवळ असली की हात सैल सुटतो, ती सरली की आखडतो. ज्या गावाने 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघाला अनिकेत जाधव दिला, त्या गावातल्या संघांनी दर हंगामाला कुणाच्या तरी बंगल्यावर जाऊन बसावे, याची चीड पेठेतल्या जाणत्यांना येते. ती यायलाच हवी.

पण दुकानाचा हिशेब चिडीवर चालत नाही. महाद्वार रोडवर गर्दी असते ती अंबाबाईच्या भाविकांची. सोलापूरहून, बेळगावहून, पुण्याहून आलेला माणूस चप्पल घेतो, साज बघतो, गूळ बांधून घेतो. बालगोपालची जर्सी तो कशाला घेईल? ती घेणारा माणूस पेठेत राहतो, आणि पेठ तालमीपासून हाकेच्या अंतरावर असते. त्याच्यासाठी मोक्याच्या जागेचे भाडे भरायचे कारणच नाही. शिवाय आपला फुटबॉल हिवाळ्यात रंगतो आणि पावसाळा आला की थांबतो. विक्री हंगामापुरती, भाडे, वीज आणि नोकराचा पगार मात्र बारा महिने. हंगाम मध्येच थांबला, तर तोही आधार जातो. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबल्याचे आपण पाहिले आहे, आणि 2020 साली करोनाने सारेच मैदान बंद केल्याचेही.

खरी भीती अनामत रकमेची आहे. मध्यवस्तीतल्या गाळ्याची अनामत तालमीच्या पेटीतून निघणार नाही. ती कुणीतरी ‘आपला माणूस’ भरेल. माल उधारीवर तोच आणून देईल, पाटीवर तालमीच्या नावाखाली त्याचे नाव येईल, आणि दोन हंगामांनी उधारी अंगावर आली की संघ कोणी निवडायचा हेही तोच सांगेल. ज्या जाचातून सुटायला दुकान काढले, तोच जाच कागदावर पक्का होईल.

एका मालकाच्या खिशावर चाललेले संघ कसे संपतात, ते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2011 साली कंपनीने संघच बंद केला. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता, 2014-15 नंतर त्या स्पर्धेत दिसला नाही. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी 2017 मध्ये गेले, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. पैसा आमच्या कोणत्याही तालमीपेक्षा यांच्याकडे कितीतरी अधिक होता. मालक उठल्यावर संघ धरून ठेवील अशी पेठ मात्र त्यांतल्या एकाच्याही मागे नव्हती.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळचा बरी हा 1885 सालचा क्लब. 1900 आणि 1903 मध्ये त्याने एफए चषक जिंकला होता. मालकाच्या काळातली देणी फिटेनात, म्हणून ऑगस्ट 2019 मध्ये त्याला लीगमधून काढून टाकले. एक्सेटर सिटीही असाच बुडत होता. 2003 मध्ये तो समर्थकांच्या न्यासाने हाती घेतला. 2005 मध्ये एफए चषकात त्याने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखले. तो सामना आणि त्यानंतरचा फेरसामना यांच्या उत्पन्नाचा कर्ज फेडायला मोठा हातभार लागला. तो क्लब आजही समर्थकांचा आहे.

कायद्याचेही भान हवे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या तालमीला दुकानाचा पैसा उभा करायला आपली इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. व्यापारातल्या उत्पन्नावर आयकराची बंधने आहेत, ती वेगळीच. ‘आपलीच तालीम, कोण विचारतंय’ म्हणत सही करणारे पदाधिकारी उद्या स्वतः अडचणीत येतील आणि तालमीलाही आणतील.

तालमीने काहीच विकू नये, असे आम्ही म्हणत नाही. तालमीच्या दारात एक टेबल मांडा. हंगामाआधी जर्सीची नोंदणी घ्या, पैसे आधी घ्या, तेवढ्याच शिवून घ्या. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर दोन पोरे बसवा. नाव आणि बोधचिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवा, म्हणजे उद्या कुणी ते छापून विकले, तर त्याला कायद्याने अडवता येईल. दर महिन्याचा जमाखर्च तालमीच्या फळ्यावर लिहा. यातून परदेशी खेळाडूचे मानधन निघणार नाही, पण लहान गटातल्या पोरांचे बूट आणि चेंडू निघतील. कोल्हापूरच्या फुटबॉलला आज अधिक गरज त्यांचीच आहे.

पेठेतल्या प्रत्येक सभासदाला आमची विनंती आहे. वार्षिक सभेत दुकानाचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा: अनामत कोण भरणार, पाटीवर कुणाचे नाव येणार, आणि तोटा झाला तर तो कुणाच्या अंगावर जाणार. लेखी उत्तर मिळेपर्यंत ठराव मंजूर होऊ देऊ नका.