शाकारणारे हात

ठाणे शहरात खोपट नावाचा भाग आहे. तेथे आज एस. टी. चे आगार आहे आणि सभोवती उंच इमारती आहेत. मराठीत खोपट म्हणजे गवताने शाकारलेली लहानशी झोपडी. तशी झोपडी पाहावयाची तर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांकडे जावे लागते. आणि तेथेही ती विरळ होत चालली आहे.

वारल्यांच्या जुन्या घराचे साहित्य रान आणि शेत पुरवीत असे. लाकडी मेढींवर आढे व वासे चढवावयाचे, कारवीच्या सरळ काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमातीचा गिलावा द्यावयाचा, आणि वर पेंढा किंवा गवत. पेंढ्याच्या थरांत हवा कोंडलेली असते, म्हणून वैशाखातही आत गारवा राहतो. पत्र्याखाली त्या दिवसांत बसवत नाही. शाकारणी वळचणीपासून आढ्याकडे करीत जातात, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो व पाणी निथळते. उतार किंचित चुकला की आषाढात घर गळलेच! कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे पुढे कागदावर आली, जगभर गेली; जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या भिंतीच्या वाट्याला मात्र तसा मान आला नाही.

तथापि गरिबाने झोपडीतच राहावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आगीचे भय आणि विंचूकाट्याची धास्ती ज्याला सोसावी लागते, त्याने पक्के घर मागितले तर ते रास्तच आहे. शहरात बसून त्याच्यापुढे झोपडीचे गोडवे गाणे शोभत नाही.

जपानमधील शिराकावा-गो या खेड्यातील गवती घरांना १९९५ साली जागतिक वारशाचे स्थान मिळाले. तेथे छप्पर बदलण्यास शेजारीपाजारी एकत्र जमतात. या रीतीला ‘यूई’ म्हणतात. घरांबरोबर तेथे शाकारणारे हातही जपले गेले.

आपल्याकडचा पेंढा थोड्याच पावसाळ्यांत कुजतो. तेव्हा संग्रहालयात एकदा झोपडी बांधून भागणार नाही. ज्या गावात जुना जाणकार आहे, तेथील शाळेने त्याला पुरी मजुरी देऊन आवारात एक खोपट उभारून घ्यावे, आणि मृगापूर्वी त्याच्या हाताखाली मुलांनी ते शाकारावे. नव्या ठेंगण्या भाताचा आखूड पेंढा या कामी फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून एखाद्या खाचरात जुन्या उंच वाणाचे भातही लावावे लागेल.